एक नग, निरुपयोगी

वकिलाने जन्मभर लिहिलेली वाक्ये बहुधा दुसऱ्यांना छळतात. त्याला स्वतःला छळणारे एखादेच असते. माझे ते वाक्य आमच्या गावच्या देवस्थानच्या जंगम मालमत्तेच्या यादीत आहे, आणि ते माझ्याच हस्ताक्षरात आहे: ‘जुना ध्वनिवर्धक, १ नग, नादुरुस्त व निरुपयोगी, भंगारात काढावा.’ २०१२ साली मी समितीवर मुखत्यार होतो. त्या वर्षी भांडारखोली साफ करण्यास घेतली, तेव्हा मोडक्या समया, जुन्या पालखीचा दांडा, वाळवी लागलेली जाजमे यांच्याबरोबर एक गंजलेली लोखंडी पेटी निघाली. यादी झाली, सह्या झाल्या, आणि भंगारवाला ती पेटी वजनावर घेऊन गेला. पेटी नादुरुस्त असल्याचे मी कोणाला विचारून लिहिले होते? कोणालाही नाही. मी ती उघडूनदेखील पाहिली नव्हती. कोर्टात पुराव्यावाचून प्रतिपक्षाची एक ओळ मान्य न करणारा मी, त्या दिवशी फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश अशा तिन्ही भूमिका एकट्यानेच वठवून मोकळा झालो होतो.

ती पेटी माझ्या वडिलांनी वीस-बावीस वर्षे सांभाळली होती. वडील व्यवसायाने प्राथमिक शिक्षक. घरी आम्ही त्यांना भाई म्हणत असू. जत्रेत, सप्ताहात, चैत्रातल्या उत्सवात देवळातले कीर्तन आणि मंडपातले नाटक चार वाड्यांना ऐकू जावे म्हणून ते मशीन ते बिनमोल चालवीत. २०१० साली ते गेले, आणि दोन वर्षांनी मी वरील वाक्य लिहिले. त्यानंतर कित्येक वर्षे मला त्याची आठवणही झाली नाही. ती व्हावी, आणि तीही एका इंग्रज गिटारवादकामुळे व्हावी, हा योग चमत्कारिक खरा; पण घडले ते असेच.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि गिटार शिकतो. गोव्यात गिटार हे काही परके वाद्य नव्हे. पलीकडच्या ख्रिस्ती वाड्यावरून संध्याकाळी तिचे सूर लहानपणापासून कानी येत आले आहेत. पण मुलाला आवडते ती विजेवर चालणारी गिटार आणि तिच्यावरचे रॉक संगीत. माझे कान भजनात आणि नाट्यसंगीतात वाढलेले. मला तो इतके दिवस निव्वळ गोंगाट वाटत होता. एका रविवारी तो माझ्या कचेरीत आला आणि म्हणाला, ‘‘बाबा, हें मात्शें आयकात.’’ ऐकविले ते ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचे एक गीत. मध्येच गिटारचा एक लांब सूर उठला. तो सूर तंतुवाद्याचा वाटेना. कोणी भरल्या गळ्याने गात आहे, किंवा सनईवाला श्वास न तोडता एकच स्वर धरून बसला आहे, असे काहीसे वाटले. मी विचारले, ‘‘ही गिटार कसली?’’ मुलगा हसला आणि म्हणाला, ‘‘नुसती गिटार नव्हे बाबा. मागची पेटी.’’

ती पेटी म्हणजे ‘व्हॉक्स एसी ३०’ नावाचा ध्वनिवर्धक. वादक ब्रायन मे. ज्या वृंदात ते वाजवीत, त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारूख बलसारा. झांजिबारात जन्मलेल्या या पारशी मुलाचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले आणि तेथेच १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांचा पहिला वाद्यवृंद जमविला, एवढे मला वाचून ठाऊक होते. परंतु ब्रायन मे आणि त्यांची पेटी यांविषयी मी सर्वस्वी अज्ञानी होतो. मुलाने दिलेले कुतूहल आणि वकिलीने दिलेली कागद धुंडाळण्याची खोड, या दोहोंच्या बळावर पुढचे काही महिने मी त्याच विषयात घालविले.

इंग्लंडमधील केंट परगण्यात डार्टफर्ड नावाचे गाव आहे. तेथे टॉम जेनिंग्स यांचा वाद्यांचा कारखाना होता. डिक डेनी नावाच्या गिटार वाजविणाऱ्या तंत्रज्ञाने त्यांच्यासाठी प्रथम पंधरा वॉटचा ध्वनिवर्धक रचला. त्या काळी ‘द शॅडोज’ हा वाद्यवृंद इंग्लंडात अतिशय लोकप्रिय होता. श्रोत्यांच्या कोलाहलात पंधरा वॉटचा आवाज बुडू लागला, तेव्हा १९५९-६० च्या सुमारास दुप्पट शक्तीची पेटी निघाली. तीच एसी ३०. लाकडी खोके, त्यात बारा इंची दोन स्पीकर, आणि आवाज वाढविणारे शेवटचे काम करण्यास ‘ईएल ८४’ जातीचे चार वाल्व्ह. वजन एवढे की एका माणसाने उचलली तर त्याच्या कमरेने दुसऱ्या दिवशी तक्रार करावी.

ब्रायन मे यांना ही पेटी मिळाली त्याची हकीकत गोड आहे. त्या वेळी ते लंडनमध्ये विद्यार्थी होते. मार्की क्लबमध्ये रॉरी गॅलाघर या आयरिश वादकाचे वादन ऐकून ते भारले गेले आणि कार्यक्रम संपल्यावर मागे थांबून त्यांनी सरळ विचारले, हा आवाज आपण काढता तरी कसा? आपल्याकडे एखाद्या बुवांना असा प्रश्न विचारला असता, तर ‘आधी बारा वर्षे पाणी भर’ असे उत्तर मिळण्याचा संभव फार. गॅलाघर यांनी काही न लपविता आपली एसी ३० दाखविली आणि तिच्या आधी जोडलेले, गिटारच्या वरच्या स्वरांना जोर देणारे एक लहानसे यंत्रही दाखविले. मे यांनी जाऊन जुन्या बाजारातून दोन एसी ३० घेतल्या. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. वृंद जगप्रसिद्ध झाला, हवी ती नवी यंत्रे हात जोडून उभी राहिली. पण या माणसाने पेटी बदलली नाही. रंगमंचावर त्यांच्या पाठीमागे अशा नऊ-नऊ पेट्यांची भिंत उभी असे. ‘ब्रायटन रॉक’ या १९७४ च्या रचनेच्या वादनात एक सूर एका पेटीतून निघतो, तोच क्षणभराने दुसरीतून आणि आणखी क्षणभराने तिसरीतून परततो. त्यावर ते नवे सूर रचीत जातात. भजनात बुवांचे पद झीलकरी उचलून धरतात, तसे हे आपणच आपले झीलकरी होणे.

या पेटीत एवढे काय आहे? याचे उत्तर मी शोधले, तेव्हा मला भाईंची पहिली खरी आठवण झाली. वाल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातली तार तापली की इलेक्ट्रॉनांचा ओघ एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे वाहू लागतो; मध्ये एक बारीक जाळी असते, आणि माईकचा वा गिटारचा क्षीण विद्युत्प्रवाह त्या जाळीवर येऊन मोठ्या ओघाला आवरतो किंवा सोडतो. लहान मुलाने बोटाने पाटाच्या दारावरची फळी वरखाली करावी आणि शेतभर पाणी जावे, तसा हा प्रकार. तार तापेपर्यंत मशीन बोलत नाही. बुवा पाटावर येऊन बसले आणि व्यवस्थापकांनी घाई चालविली, तरी भाई हात वर करून म्हणत, ‘‘जरा तापूं द्या.’’ मला तेव्हा ती भाईंची सबब वाटे. काचेतून नारिंगी उजेड दिसू लागला की ते हलकेच खुंटी फिरवीत.

परंतु भाईंची खुंटी आणि ब्रायन मे यांची खुंटी यांत मोठे अंतर आहे. कीर्तनाचा ध्वनिवर्धक बुवांचा शब्द जसाच्या तसा मोठा करण्यासाठी असतो. त्याने आपल्या पदरचे काही घालावयाचे नाही. म्हणून भाई तो बेताने चालवीत. ब्रायन मे आपल्या पेटीची खुंटी शेवटपर्यंत फिरवून ठेवतात आणि मग सारा लहानमोठेपणा गिटारवरून सांभाळतात. म्हणजे पेटीवर ते तिच्या शक्तीपलीकडचे ओझे घालतात. अशा वेळी सामान्य ट्रान्झिस्टरचे यंत्र सुरीने कापल्यासारखा ध्वनिलहरीचा माथा एकदम छाटून टाकते आणि आवाज कर्कश होतो. वाल्व्हची पेटी ओझे नाकारीत नाही आणि एकदम मोडतही नाही. ती हळूहळू वाकते. लहरीचा माथा गोलावतो, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात जागे होतात, आणि सूर भरून येतो. हिशेबाने पाहिले तर हा दोषच आहे. जे आत घातले ते बाहेर आले नाही. पण तंबोऱ्याची जवारी तरी काय आहे? तार घोडीला नेमकी इतकीच घासावी म्हणून आपण तिच्याखाली सुताचा धागा सारतो. त्या घासण्यातूनच तंबोरा बोलू लागतो. हे कळल्यावर रॉक संगीताविषयी माझे अर्धे भांडण मिटले.

उरलेले अर्धे जेथे मिटले, ती जागा मला फार दुखावून गेली. वाचकांपैकी ज्यांनी जुन्या काळी देवळात कीर्तने ऐकली आहेत, त्यांना माईकची ती जीवघेणी शिट्टी आठवत असेल. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. आणि पाहता पाहता सारे देऊळ किंचाळू लागते. मी अकरा वर्षांचा असताना एका सप्ताहात, ऐन उत्तररंगात, अशी शिट्टी झाली. बुवा थांबले. सगळी सभा वळून भाईंकडे पाहू लागली. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सर्वांदेखत त्यांना विचारले, ‘‘मास्तर, जमत नसेल तर सोडा ना!’’ भाई काही बोलले नाहीत. वाकून माईकची दिशा बदलू लागले. मी शाळासोबत्यांत बसलो होतो. एकाने कुजबुजून विचारले, ‘‘ते तुझे वडील ना?’’ मी उत्तर दिले नाही. उठलो आणि खांबाच्या पलीकडे जाऊन बसलो.

आता ब्रायन मे यांच्याविषयी हे ऐका. त्यांची गिटार विकत घेतलेली नाही. १९६३ साली सोळा वर्षांच्या ब्रायनला दुकानातली गिटार परवडणारी नव्हती, म्हणून वडील हॅरल्ड मे आणि तो यांनी मिळून ती घरीच केली. दांडा शंभराहून अधिक वर्षे जुन्या शेगडीच्या चौकटीच्या लाकडाचा. त्यातली किडीची भोके आगकाड्यांनी बुजविली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या, खुणांच्या टिकल्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. या कामाला दोन वर्षे लागली. आणि त्या मुलाने मनाशी योजून तिच्या पोटात पोकळी अशी ठेवली की, ध्वनिवर्धकाचा आवाज परत गिटारवर आदळावा, तारा पुन्हा झंकाराव्यात आणि सूर मरूच नये! ज्या फेऱ्याने आमच्या देवळात शिट्टी झाली, तोच फेरा त्याने मागून घेतला. तो लांब, भरल्या गळ्याचा सूर, जो ऐकून मी कचेरीत चकित झालो होतो, तो त्या फेऱ्यातून आणि त्या वाकणाऱ्या वाल्व्हांतून जन्मलेला होता. भाईंनी यात काही गुन्हा केला नव्हता. निसर्गाचा एक नियम अवेळी प्रकट झाला होता, इतकेच. हे मला कळले तेव्हा भाईंना जाऊन बरीच वर्षे झाली होती.

हॅरल्ड मे यांचे पुढचे वर्तनही सांगण्याजोगे आहे. ते विमानखात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत. ज्या मुलाला त्यांनी स्वतःच्या हातांनी गिटार करून दिली, त्याने खगोलशास्त्राची डॉक्टरेट अर्धी सोडून वादनाचाच धंदा धरावा, हे त्यांना मुळीच रुचले नाही. काही काळ बापलेकांचे धड बोलणेही नव्हते. पुढे मुलाने वडिलांना काँकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले. काँकॉर्डच्या उपकरणांवर हॅरल्ड यांनी काम केले होते, पण त्यात बसण्याचा योग आला नव्हता. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या प्रचंड सभागृहात मुलाचे वादन ऐकल्यावर, आता मला समजले, अशी कबुली त्यांनी दिली. सोडलेला प्रबंध मे यांनी २००७ साली पुरा केला. सूर्यमालेतील धुळीविषयी तो आहे. त्या बापलेकांना एकमेकांची बाजू मान्य करण्यास हयातीतच वेळ मिळाला. सर्वांनाच मिळतो असे नाही.

या साऱ्या वाचनाचा मला अभिमान वाटू लागला असतानाच एके रात्री मुलाने आणखी एक हकीकत सांगितली. १९७२ साली क्वीन वृंदातील जॉन डीकन या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक टाकून दिलेला सर्किटचा तुकडा दिसला. तो त्याने घरी आणला, एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसविला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालविला. हा तुकडा, पुढे कळले त्याप्रमाणे, आफ्रिकेच्या दक्षिण भागात बनणाऱ्या ‘सुपरसॉनिक’ नावाच्या एका छोट्या रेडिओचा होता. त्यात वाल्व्ह नव्हते, जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टर होत्या. पण त्याही ओझ्याखाली हळुवार वाकणाऱ्याच निघाल्या. त्या खोक्याला ना खुंटी, ना बटण. ब्रायन मे यांनी आपली गिटार त्याला जोडली, तेव्हा त्यातून सनया, तुताऱ्या, व्हायोलिने यांच्या जातीचे स्वर निघू लागले. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जाझचा सबंध बँड वाजल्याचा भास होतो; तो एकट्या गिटारचा आणि या कचऱ्यातल्या पेटीचा आहे.

मुलगा सांगत होता आणि मी गप्प होत गेलो. शेवटी त्याला यादीतल्या त्या वाक्याविषयी सांगितले. खांबाआड बसल्याचेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग इतकेच विचारले, ‘‘आजोबांचें मशीन तुमीच उडयलें?’’ मी हो म्हटले. उलटतपासणीत सापडलेल्या साक्षीदाराप्रमाणे मी सबबी शोधू लागलो: जागा नव्हती, चालवणारे कोणी उरले नव्हते, १९९० नंतर देवळात नवे मशीन आले होते. या सबबी खऱ्या आहेत. पण त्या दिवशी मी पेटी उघडून पाहिली नाही, याचे कारण त्यांत नाही. मला त्या पेटीची अकराव्या वर्षापासून लाज वाटत होती. ‘निरुपयोगी’ हा शब्द मी तिच्याविषयी लिहिला, त्याच्या किती तरी आधी तो मनात दुसऱ्याच कोणाविषयी लिहिलेला होता.

जुने तेवढे सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. तसे म्हणणे वकिलाला शोभणारही नाही. एसी ३० तापते, जड असते, तिचे वाल्व्ह झिजतात आणि बदलावे लागतात. आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब खेळत असतो आणि अडाण्याने हात घातला तर जिवावर बेतते. देवळात आज आहे ते नवे मशीन कीर्तनाला अधिक चांगले आहे, शिट्टीही क्वचितच होते. जुन्या पेटीची थोरवी तिच्या वयात नाही. शक्तीबाहेरचे ओझे पडले असता एखादी वस्तू कशी वागते, हे पाहावे लागते. आणि ते पाहण्यासाठी ती उघडावी लागते, तापू द्यावी लागते. सभेदेखत बोलणे ऐकून भाई उठून गेले नाहीत. माईक सरळ करून त्यांनी कीर्तन पुरे होऊ दिले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मशीनजवळ येऊन बसले. हे मी पाहिले होते; त्याचा अर्थ लावला नव्हता.

भंगारवाल्याचा शोध करून पाहिला. तो केव्हाच धंदा सोडून गेला आहे. मात्र भाईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. त्यात चिकटपट्टीचे वेटोळे, दोन फ्यूज आणि कापसात गुंडाळलेला एक वाल्व्ह होता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी असे वाल्व्ह बनविले. हा त्यांचाच आहे. मुलाने तो उजेडात धरून काचेवरची पुसट अक्षरे वाचली आणि माझ्याकडे पाहिले. अक्षरे होती ‘ईएल ८४’. डार्टफर्डच्या पेटीत चार असतात, त्याच जातीचा हा एक. भाईंच्या मशीनमध्येही हेच होते तर!

तो वाल्व्ह देवस्थानचा की भाईंचा, हा कायद्याचा प्रश्न आहे. बिल मिळाले नाही. बहुधा पदरच्या पैशांनीच त्यांनी तो आणून ठेवला असावा. तरीही मी तो समितीपुढे ठेवला आणि यादीत घेण्याची विनंती केली. नोंद मला लिहू दिली. या खेपेस मी सावकाश लिहिले: ‘वाल्व्ह, ईएल ८४, १ नग. चालू की बंद, तपासलेला नाही. कै. मास्तरांचा. जतन करावा.’